वाळवणाची राखण

काय बालदोस्तांनो, परीक्षा संपल्या, दप्तर फळीवर गेलं, आता मज्जाच मज्जा! हो ना? मग आज चला माझ्याबरोबर आमच्या गावाला. वाई तालुक्यातलं लहानसं गाव, शेणानं सारवलेलं अंगण, आणि त्या अंगणात वाळवणाची ही गडबड! पापड, सांडगे, शेवया, कुरडया... पावसाळ्यात ऊन कुठलं मिळायला? म्हणून उन्हाळ्यातच वर्षाची बेगमी करून ठेवायची.

यातली सगळ्यांत खटपटीची म्हणजे कुरडई. गहू तीन दिवस भिजत घालायचे, आणि रोज आठवणीनं पाणी बदलायचं. पाणी बदलायला विसरलात तर घरभर असा वास सुटतो की विचारू नका! चौथ्या दिवशी गहू वाटायचे, पिळून गाळून त्यांचं पांढरंशुभ्र सत्त्व काढायचं. हाच तो चीक. रात्रभर तो तळाशी बसतो. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक ओतून घोटायचा. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा.

आम्ही मुलं तोवर वाट्या घेऊन चुलीपाशी रांगेत! गरम गरम चिकावर दूध आणि साखर. अहाहा! खाऊन झालं की आई आणि काकू सोऱ्यातून कुरडया पाडायच्या, अंगणातल्या बाजेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर.

आता राखण करायची कुणी? अर्थात आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी!

गोष्ट १९८४ सालच्या मे महिन्यातली. मी पाचवीची परीक्षा दिली होती. आजीनं माझ्या हातात काठी दिली, बाजेशेजारी काळी छत्री उघडून ठेवली आणि म्हणाली, "कावळे, कोंबड्या हाकल. दुपारी कुरडया उलट. अन् आभाळ भरून आलं की मला हाक मार. एवढंच काम."

एवढंच तर काम! सकाळभर मी अगदी शहाण्यासारखी बसले. आभाळ निळंभोर, ढगाचा ठिपका नाही. दुपारी मैत्रिणी आल्या. मळ्यातल्या आंब्याखाली कैऱ्या पडल्या होत्या म्हणे. मी वर पाहिलं. कसला पाऊस नि कसलं काय! 'आत्ता जाते नि आत्ता येते' म्हणत मी पळाले.

दोस्तहो, वळवाचा पाऊस असाच फसवतो बरं का. सकाळभर जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते, हवेत बाष्प असलं की वर जाऊन त्याचे ढग होतात, आणि दुपार कलता कलता गडगडाट सुरू! सकाळचं निळं आभाळ हा काही संध्याकाळचा भरवसा नव्हे. पण हे तेव्हा मला कुठं ठाऊक?

कैरीला तिखट-मीठ लावतोय तोच वारा सुटला. धावत घरी पोचले तेव्हा आजी एकटीच भिजत बाज ओढत होती. दोन पायल्या गव्हाच्या कुरडया! अर्ध्याअधिक लुगड्यावरच विरघळून लगदा झाल्या होत्या. तो लगदा म्हशीच्या घमेल्यात गेला. आजी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, निदान रागावली असती तर बरं झालं असतं. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलेल्या कुरडया पुन्हा उन्हात आल्या. मी दाराआड लपले होते. आता हे काम धाकट्या भावाला मिळणार, हे मी धरूनच चालले होते. पण आजीनं हाक मारली ती मलाच, आणि तीच काठी माझ्या हातात दिली. "बस," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही, सांगते!

भाद्रपदात गौरी आल्या. पुरणपोळीच्या ताटात कुरडई हवीच. वाळलेल्या कुरडईतसुद्धा थोडासा ओलावा राहतो. कडकडीत तेलात त्याची झटकन वाफ होते आणि कुरडई फुलून दुप्पट दिसते. पण त्या वर्षी दुप्पट फुलूनही पुरली नाही. प्रत्येकाच्या ताटात अर्धीच पडली. पाहुण्यांनी विचारलं, "काय हो, यंदा कुरडया थोड्याशा?" माझा घास हातातच राहिला. आजी म्हणाली, "यंदा वळीव लवकर आला हो."

माझं नाव तिनं कधीच घेतलं नाही. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात राखणीला मीच, आणि एकही कुरडई भिजली नाही.

तर दोस्तांनो, या सुट्टीत घरातलं एक काम मागून घ्या. गच्चीवरचे पापड असोत, गॅलरीतला बटाट्याचा कीस असो, नाहीतर झाडांना पाणी घालणं असो. पण ते पूर्ण तुमचं. आणि आई-बाबा, काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी ते काढून घेऊ नका बरं! काठी पुन्हा त्याच हातात द्या.

तुमची,
आत्या