रात्री २.१४ ला मी काय इन्स्टॉल केलं?

गेल्या महिन्यात एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि त्याचा पंखा असा घोंघावायला लागला, की आई बाहेरून ओरडली, 'सकाळी सकाळी मिक्सर कोणी लावलाय?' स्क्रीनवर तर काहीच चालू नव्हतं. उबुंटूत एपीटीने केलेल्या प्रत्येक इन्स्टॉलेशनची नोंद हिस्टरी लॉगमध्ये राहते, म्हणून तिथे डोकावले. वेळ रात्री २.१४. पॅकेजेस ११. मागणारा युजर? चक्क मी!

त्या वेळी मी ढाराढूर झोपले होते.

गुन्हेगार समोरच चहात बिस्किट बुडवत होता. धाकटा भाऊ, यत्ता बारावी. गेम फास्ट चालावा म्हणून कुठल्याशा व्हिडिओत दाखवलेली एक ओळ त्याने टर्मिनलमध्ये पेस्ट केली. पासवर्ड विचारला, तो दिला. पासवर्ड म्हणजे आईचा वाढदिवस, घरात सगळ्यांना पाठ!

गंमत इथे संपते. त्याच लॅपटॉपवर एका बाईंच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं. नाव छापणार नाही, या शब्दावर त्या बोलल्या होत्या. सुडोने चालवलेली स्क्रिप्ट मशीनवरचं काहीही वाचू शकते. तिने ते वाचलं का, हे मला कधीच कळणार नाही. त्यांना फोन करून खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

'लिनक्स आहे ना, मग सेफ!' असं मीही मिरवायचे. कुलूप खरंच भक्कम आहे हो. पण उबुंटू टाकताना बनवलेलं पहिलं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर असतं आणि तेच आपण अख्ख्या घराला वापरायला देतो. म्हणजे कुलूप भारी, किल्ली दाराला लटकलेली.

मग काय केलं? डॉक्युमेंट्स तेवढी बाहेर काढून सिस्टिम नव्याने टाकली. स्क्रिप्ट एकदा रूटपर्यंत पोचली, की नुसत्या साफसफाईवर भरवसा ठेवता येत नाही. सगळे पासवर्ड बदलले. सेटिंग्जमध्ये 'युजर्स'मध्ये जाऊन भावाला वेगळं 'स्टँडर्ड' अकाउंट दिलं. आता सुडो त्याला दारातच अडवतं. शिवाय २१.०४ या आवृत्तीपासून उबुंटूत नव्या युजरचं होम फोल्डर दुसऱ्या साध्या युजरला उघडत नाही. पेनड्राइव्हवरून बूट करणं बंद केलं आणि बायोसलाही पासवर्ड लावला.

तरी शंभर टक्के बंदोबस्त नाही हं. ॲपइमेज किंवा स्वतःपुरतं फ्लॅटपॅक तो पासवर्डशिवायही आणू शकतो. फरक इतकाच, की ते त्याच्याच हक्कांवर चालतं, माझ्या नाही.

भाऊ फुगला. 'ताई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?'

'तुझ्यावर आहे रे. त्या व्हिडिओवाल्यावर नाही.'

आता दर रविवारी पोहे झाले की तो यादी घेऊन येतो. दोघं मिळून बघतो, पासवर्ड मी टाकते. आणि आईचा वाढदिवस? तो आता फक्त केकपुरता!