दोन थेंब जिलेटिन

पोलॅरोग्राफीच्या प्रॅक्टिकलसाठी आमच्या जर्नलात एक ओळ ठरलेली असे : विद्रावात जिलेटिनचे दोन थेंब घाला. का घालायचे, हे आम्ही कधी विचारले नाही व कोणी सांगितलेही नाही. एम.एस्सी.च्या वर्षी एकदा मी ते थेंब घालायला विसरलो. आलेखावर सपाट पायरी यायची तेथे उंटासारखे कुबड आले. सरांनी त्यावर तांबडी रेघ ओढली. मी शेजाऱ्याचे आकडे घेऊन दुसरा आलेख काढला आणि पैकीच्या पैकी गुण मिळविले. त्या वर्षी मी काढलेल्या आलेखांत काही शिकविण्यासारखा आलेख तेवढा एकच होता, असे माझे आज स्पष्ट मत आहे.

ते कुबड ही चूक नव्हती. केशनलिकेतून टपकणाऱ्या पाऱ्याच्या थेंबावर पृष्ठताण सगळीकडे सारखा राहत नाही. त्यामुळे थेंबाची कातडी सरकते व भोवतालचा विद्राव घुसळला जातो. नुसत्या विसरणाने येतील त्याहून कितीतरी अधिक आयन पाऱ्याला भिडतात आणि प्रवाह फुगतो. जिलेटिन पाऱ्याच्या पृष्ठावर बसते, म्हणजे पुस्तकी भाषेत त्याचे अधिशोषण होते, आणि ती सरकणारी कातडी थांबते. विद्रावात 0.01 टक्का असले तरी पुरे! हात सैल सोडून जास्त घातले, तर मात्र कुबडाबरोबर पायरीही खचते. हायरॉव्हस्की यांनी 1922 साली प्रागमध्ये ही पद्धत शोधली व 1959 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे आम्हांस तोंडपाठ होते. थेंबाचे काम मात्र ठाऊक नव्हते.

साबण ताटाला चिकटतो तसेच हे, असे कोणी म्हणेल. पण ताट आणि इलेक्ट्रोड यांत मोठा फरक आहे. इलेक्ट्रोडवरचा विद्युत्‌भार आपल्या हाती असतो. ब्युटिल अल्कोहोलसारखा भाररहित रेणू घ्या. पाऱ्यावरचा भार शून्याच्या आसपास असतो तेव्हा तो सर्वांत चांगला बसतो. भार कोणत्याही बाजूला पुरेसा वाढविला की पाण्याचे रेणू पृष्ठाकडे जोराने ओढले जातात व या पाहुण्याला उठवून लावतात. रशियन शास्त्रज्ञ फ्रुमकिन यांनी हे गणित 1920 च्या दशकातच मांडले. शाम्पूमधल्या सोडियम डोडेसिल सल्फेटची तऱ्हा निराळी. त्याला बारा कार्बनांची शेपटी आणि ऋणभारित डोके. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर त्याचे रेणू अर्ध्या चिरलेल्या नळ्यांच्या रांगांसारखे मांडलेले असतात, आणि धनभार वाढविल्यावर त्याच रांगांचा दाट, सलग थर होतो, हे 1999 साली सूक्ष्मदर्शकाने दिसले. बटण फिरवून साबणाची घडी बदलता येते, याचे मला अजून नवल वाटते.

निकेल प्लेटिंगच्या टाकीतही हाच पदार्थ घालतात. निकेलबरोबर थोडा हायड्रोजन सुटतो, त्याचे बुडबुडे ऋणाग्राला चिकटून राहतात व तेवढ्या जागी लेपात खड्डा पडतो. पृष्ठताण उतरला की बुडबुडा लवकर सुटतो. आमचा पदवीधर तेथे नोकरीला लागला, तर हे त्याला कामगाराकडून शिकावे लागेल. कामगाराकडून शिकण्यात कमीपणा नाही. पण मग आम्ही दोन वर्षे काय शिकविले?

पारा विषारी आहे व तो प्रयोगशाळेतून जातो आहे, हे योग्यच. वेळ नाही, ही सबब मात्र मला मान्य नाही. बॅटरी, बीकर, मोरचूद आणि तांब्याच्या पट्ट्या प्रत्येक कॉलेजात आहेत. एका पट्टीवर जिलेटिनशिवाय तांबे चढवा, दुसरीवर मोजके घालून, तिसरीवर मुद्दाम भरपूर घालून. पहिलीचा लेप खरबरीत येईल. दुसरीचा बारीक कणांचा येईल, कारण जिथे उंचवटे वाढू पाहतात तिथेच जिलेटिन आडवे येते. तिसरीचा लेप नखाने खरवडून पाहा. तिन्ही पट्ट्या जर्नलात चिकटवाव्यात, आणि बिघडलेल्या पट्टीचे गुण कापू नयेत.