निरवानिरव

मृत्युपत्राचा विषय आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अद्याप अशुभ मानला जातो. मुलीच्या विवाहाचा खर्च दहा वर्षें आधीं योजणारा गृहस्थ स्वतःच्या म्हातारपणाविषयीं विचारलें असतां "देव आहे आणि मुलें आहेत" असें म्हणून पंचांग चाळूं लागतो. देव आहे यांत शंका नाहीं, मुलेंही बहुधा चांगलींच असतात; परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्रीं दोन वाजतां कोणीं बदलावी आणि त्यासाठीं ठेवलेल्या बाईचा पगार कोणत्या खात्यांतून द्यावा, या प्रश्नांचीं उत्तरें त्या वाक्यांत सांपडत नाहींत. म्हणून आज या विषयावर वाचकांशीं थोडें मोकळें बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत मृत्युपत्र नव्हतें. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ घ्या, किंवा मुंबई व उत्तर कोंकण या भागांत प्रमाण मानला गेलेला नीळकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ घ्या. त्यांत दायविभागाचा विस्तार आहे, पण मरणोत्तर अमलांत येणाऱ्या लेखाचा विधि नाहीं. तो इंग्रजी अमदानींत रूढ झाला व हल्लीं १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें चालतो. तथापि एक गोष्ट स्मृतिकारांच्या नजरेंतून सुटली नव्हती. पिता हयातींत पुत्रांस समान वांटणी करील, तर ज्या पत्नीला स्त्रीधन मिळालेलें नाहीं तिलाही पुत्राएवढा भाग द्यावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. वांटणीला बसण्यापूर्वीं घरांतील म्हातारीचा निर्वाह पाहावा, हा त्याचा आशय. आजच्या गृहस्थानेंही क्रम हाच ठेवावा: प्रथम स्वतःची व पत्नीची शुश्रूषा, नंतर वारस.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, हें आम्हीं एका परिचित घरांत पाहिलें. निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थानें सत्तराव्या वर्षीं राहतें घर बक्षीसपत्रानें दोन्ही मुलांच्या नांवें करून दिलें. मागें भांडण नको, हा हेतु. पुढें त्यांच्या पत्नीस पक्षाघात झाला व चार वर्षें ती माउली अंथरुणावर होती. मोठें घर विकून लहान जागा घ्यावी आणि उरलेल्या पैशांत शुश्रूषा चालवावी असें त्यांच्या मनांत आलें, तेव्हां घर त्यांचें राहिलेंच नव्हतें. मुलें दुष्ट नव्हतीं. एकावर घरकर्ज होतें, दुसऱ्याची मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत होती. दरमहा पहिल्या आठवड्यांत औषधांचीं बिलें वडील मुलाच्या टेबलावर ठेवून, तोंडानें एक अक्षर न बोलतां हे गृहस्थ आपल्या खोलींत परत जात. ज्यानें आयुष्यभर घर चालविलें, त्याच्यावर अशी पाळी येऊं नये, एवढाच आमच्या आजच्या लेखाचा हेतु आहे.

कायदा अशा माणसाच्या साह्यास येतो, पण अटीवर येतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयींच्या २००७ च्या कायद्यांत २३ वें कलम आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करूं शकतें. ती अट असल्याचें दाखवितां आलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें सांगितलें. २०२५ च्या जानेवारींत त्याच न्यायालयानें हा कायदा वृद्धांच्या हिताकडे पाहून उदारपणें वाचावा, असेंही म्हटलें. तेव्हां ज्यांना बक्षीसपत्र करावयाचेंच असेल त्यांनीं सांभाळाची अट दस्तऐवजांत स्पष्ट शब्दांनीं लिहावी. आमचें मत विचाराल, तर राहतें घर हयातींत देऊंच नये. मृत्युपत्र मरणानंतर अमलांत येतें आणि शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळां बदलतां येतें. बक्षीसपत्राचें तसें नाहीं.

आतां खर्चाचा हिशेब पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, आरोग्यविमा घेतला म्हणजे झालें. परंतु विम्याचें बहुतेक सर्व साह्य रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं असतें. सत्तर वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून खुली झालेली आयुष्मान भारत योजना वर्षास पांच लाख रुपयांपर्यंतचा भार उचलते, तोही रुग्णालयांतील उपचारांचा. घरीं ठेवलेली शुश्रूषेची बाई, हवेचा बिछाना, लंगोट, रोजचा व्यायाम करून घेणारा माणूस, हें सर्व घरच्या पैशांतून. समजा, दिवसरात्र माणूस ठेवण्यास महिन्यास ३०,००० रुपये पडतात. वर्षाचे ३,६०,००० झाले. दरवर्षीं शेंकडा आठ वाढ धरली, तर पांच वर्षांत हा आंकडा एकवीस लाखांवर जातो. शहराप्रमाणें रक्कम कमीअधिक होईल. वाचकांनीं आपल्या गांवचा दर घालून गणित स्वतः करून पाहावें.

ही रक्कम कोठून यावी? साठीनंतर सरकारी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत एका व्यक्तीस तीस लाखांपर्यंत ठेव ठेवतां येते. ही मर्यादा २०२३ पासूनची आहे. पतिपत्नींनीं दोघांच्या नांवें वेगळीं खातीं उघडावींत. व्याज दर तिमाहीस मिळतें. शेंकडा आठ दर धरला, तर पूर्ण ठेवीवर महिन्यास वीस हजार पडतात. म्हणजे वरील खर्चाचे दोन तृतीयांश भागले. उरलेल्यासाठीं राहत्या घराचा आधार लागतो. २००७ पासून साठ वर्षांवरील मालकास राहतें घर बँकेकडे गहाण ठेवून, त्यांतच राहून, ठराविक रक्कम घेत राहण्याची सोय झाली आहे. परंतु घर स्वतःच्या नांवें असेल तरच या सोयीचा उपयोग, हें निराळें सांगावयास नको.

याहून दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे स्मृतिभ्रंश. मनुष्य जिवंत आहे, पण सही करण्याइतका शुद्धींत नाहीं, अशी स्थिति कित्येक वर्षें टिकते. "मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलें आहे" असें सांगून लोक निश्चिंत होतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मुखत्यारी देणाऱ्याची बुद्धि भ्रमिष्ट झाली कीं मुखत्यारी संपते. म्हणजे जेव्हां कागदाची खरी गरज, तेव्हांच तो निरुपयोगी! मग पालक नेमून घेण्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून निदान शुश्रूषेचा पैसा ज्या खात्यांत आहे, तें खातें विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त असावें आणि दोघांपैकीं कोणासही व्यवहार करतां यावा, अशी सूचना बँकेस वेळींच द्यावी. कृत्रिम उपायांनीं प्राण लांबवावे कीं नाहीं, याविषयींचें आगाऊ इच्छापत्रही सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें मान्य केलें व २०२३ मध्यें त्याची पद्धति सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर तें होतें. हा निर्णय मुलांच्या माथीं मारण्यापेक्षां आपणच लिहून ठेवणें हें वडीलपणाला शोभेल.

मृत्युपत्र करणें अवघड नाहीं. तें साध्या कागदावर चालतें, त्यास मुद्रांक लागत नाहीं. करणाऱ्यानें सही करावी आणि ती पाहिलेल्या दोन साक्षीदारांनीं आपल्या सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाहीं, तथापि केल्यास पुढील शंका कमी होतात. ज्याला कांहीं मिळणार आहे त्याला साक्षीदार करूं नये. आणि वय फार झालें असल्यास शुद्धीविषयीं डॉक्टरांचा दाखला जोडावा. बँकेंत नॉमिनीचें नांव दिलें म्हणजे तोच मालक होतो, ही समजूत मात्र काढून टाकावी. शेअर्सच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०२३ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, नॉमिनी रक्कम ताब्यांत घेतो, हक्क वारसांचा राहतो.

मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली व हयात असलेली आई यांच्यांत सारखी वांटली जाते. वडिलार्जित एकत्र मिळकतींतही २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतः सहदायाद झाली. हें न्याय्य आहे. आणि मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, हें २००७ चा कायदा मुलग्याइतकेंच सांगतो. परंतु पत्नीचा विचार करा. चार वारसांत तिला घराचा चौथा हिस्सा मिळाला, तर त्या चौथाईवर तिला राहतां येईल काय? ती हयात असेपर्यंत घर विकूं नये आणि तिच्या शुश्रूषेसाठीं अमुक ठेव राखून ठेवावी, हीं दोन वाक्यें प्रत्येक मृत्युपत्रांत असावींत.

आणखी एका व्यक्तीचें नांव कायद्याच्या यादींत येत नाहीं. ती घरची सून. नवरा हयात असतांना ती सासूसासऱ्यांची वारस नव्हे. आमच्या कुटुंबांत अंगावरचें करण्याचें काम बहुधा तिच्याच वांट्याला येतें. कित्येकींनीं त्यासाठीं नोकरी सोडली आहे. वांटणीच्या दिवशीं दूरगांवचे वारस येऊन आपापला भाग घेतात, आणि जिनें पांच वर्षें रात्री जागवल्या तिच्या हातीं आशीर्वाद राहतो. ही उणीव मृत्युपत्रकर्ताच भरून काढूं शकतो. तिच्या स्वतःच्या नांवें, नवऱ्याच्या नव्हे, एखादी रक्कम लिहून ठेवावी आणि कारणही लिहावें, म्हणजे इतरांस राग धरावयास जागा उरणार नाहीं. मुलीनें किंवा पुतण्यानें शुश्रूषा केली असेल, तर त्यासही हाच न्याय.

ज्यांना एवढेंही आज जमणार नाहीं, त्यांनीं येत्या सुटीच्या दिवशीं एक वही घ्यावी. ठेवी कोठें आहेत, विम्याचे कागद कोणत्या कपाटांत आहेत, कोणाचें देणें आहे, कोणते औषध चालू आहे, हें पत्नीला समोर बसवून लिहावें. पत्नीच्या नांवचें जें असेल तें तिनें स्वतः सांगावें, कारण मृत्युपत्र तिचेंही व्हावयाचें आहे. वही पुरी झाली कीं मुलांना व मुलींना एकत्र बोलावून ती वाचून दाखवावी. पहिल्या दहा मिनिटांत कोणी तरी "बाबा, आतांच कशाला?" असें म्हणेल. त्यावर वाचन थांबवूं नये.