शाळेसाठी जादूचे चष्मे : देणगीदाराने आधी हिशेब मागावा

रमजानचा महिना जवळ आला की शाळांच्या कमिट्या देणगीसाठी बाजारपेठेत फिरू लागतात. पूर्वी मागणी असे ती स्लॅबची, बाकांची, पाण्याच्या टाकीची. मग संगणक कक्ष आला. आता काही ठिकाणी नवे नाव ऐकू येते, ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, थोडक्यात ए.आर. तिची स्वतंत्र खोली करायची, मुलांसाठी चष्मे घ्यायचे, आणि रक्कम लाखांत. आपला व्यापारी नाव ऐकूनच गोंधळतो. मग तो एकतर चारचौघांत लाज नको म्हणून पैसे देतो, नाहीतर 'हे आपल्या समजण्यापलीकडचे' म्हणून हात आखडतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जो माणूस शंभर थान कापड घेताना एक एक थान उलगडून पाहतो, त्याने येथेही माल उलगडून पाहावा.

वस्तू मुळात सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा पुस्तकातील हृदयाच्या चित्रावर धरला की पडद्यावर त्या पानावरच हृदय उभे राहिलेले दिसते. फोन फिरवला की त्याची मागची बाजू दिसते. आजूबाजूचा वर्ग, बाक, गुरुजी सगळे जागच्या जागी दिसत राहते, त्यात फक्त एका वस्तूची भर पडते. डोळे पूर्ण झाकणारा जो पेटीसारखा चष्मा असतो तो प्रकार वेगळा, त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. देणगीच्या पत्रकात दोन्ही नावे एका दमात लिहिलेली असली तर कोणती वस्तू येणार हे आधी विचारून घ्यावे, कारण किमतीत फार फरक आहे.

आपल्या कारागीर वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी हे नाव शाळेत जन्मले नाही, कारखान्यात जन्मले. अमेरिकेच्या बोइंग कंपनीत विमानाच्या वायरी मोठमोठ्या फळ्यांवर नकाशा पाहून मांडाव्या लागत. कामगाराची नजर नकाशा आणि फळी यांच्यामध्ये सारखी ये-जा करी. कोणती वायर कोठून न्यायची ते कामगाराच्या चष्म्यातच फळीवर दिसावे, अशी कल्पना टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ साली मांडली. म्हणजे हे अवजार प्रथम हातांनी काम करणाऱ्या माणसासाठी सुचले. ते आपल्या मुलांसाठी नाही, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

त्याचा खरा उपयोग कोठे होतो? जी वस्तू आतून पाहता येत नाही, फार मोठी किंवा फार लहान आहे, आणि कागदावर सपाट होऊन जाते, तेथे. भिवंडी-मालेगावच्या मुलाला मागाचे उदाहरण पुरे. ताणा वरखाली होऊन मधून धोट्याला वाट कशी मिळते, फणी बाण्याचा धागा कसा ठोकते, हे चित्रात पाहून कळत नाही. चालू मागावर सगळे इतके झपाट्याने होते की तेथेही कळत नाही. तोच माग टेबलावर संथ गतीने चालताना दिसला तर एका तासात उलगडा होतो. भूमितीतील शंकू आणि गोल यांचेही तसेच. त्यासाठी जिओजेब्रा नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्यात ए.आर.ची सोय आहे. परंतु चौथीतल्या मुलाला जर एक परिच्छेद धड वाचता येत नसेल, तर त्याला पानावर उभा राहिलेला डायनोसॉर दाखवून काय साधणार? पाढे, वाचन, शुद्धलेखन यांना हे औषध लागू पडत नाही.

आता खरेदीची बाजू. मशीन घेताना आपण सुटे भाग मिळतील का, कंपनी टिकेल का, हे पाहतो. गुगलने २०१५ साली शाळांसाठी 'एक्सपिडिशन्स' सुरू केले, नंतर त्यात ए.आर.ही आणले, आणि २०२१ साली ते ॲप बंद केले. मायक्रोसॉफ्टचा 'होलोलेन्स' चष्मा २०१६ साली आला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची किंमत ३,५०० डॉलर होती. २०२४ साली त्याचे उत्पादन थांबले. जगातल्या बलाढ्य कंपन्यांची ही कथा, मग गल्लीतल्या एजंटाच्या पाच वर्षांच्या हमीचे काय सांगावे! आपल्याकडे २०११ साली वाजतगाजत आलेला 'आकाश' टॅबलेटही वर्गात टिकला नाही. पेरू देशात सरकारने गरीब मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या भाषेत आणि गणितात त्यामुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. यंत्र पोहोचले, पण शिकवणे होते तसेच राहिले.

याउलट अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने त्याच होलोलेन्सवर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे पाठ तयार केले. फरक एवढाच की तेथे शिकवणाऱ्यांनी धडा स्वतः बांधला.

वर्गाचा हिशेबही करून पाहावा. साठ मुले, सहा फोन, पस्तीस मिनिटांचा तास. एका मुलाच्या वाट्याला साडेतीन मिनिटे येतात, तीही गोंधळ न झाल्यास. त्यापेक्षा गुरुजींच्या हाती एक चांगला फोन आणि त्याला जोडलेला प्रोजेक्टर किंवा टीव्ही असला, तर साठही मुलांना तेच दिसते. माझ्या मते सामान्य शाळेने सुरुवातीला याहून जास्त काही घेऊच नये. मात्र फोन घेताना तो ए.आर. चालवू शकतो का याची खात्री करावी. सगळे फोन ते चालवत नाहीत. घरात पडून असलेले जुने फोन पोत्यात भरून शाळेला देण्यात सवाब असेलही, वर्गाला उपयोग होईलच असे नाही.

पैसा खरा लागतो तो भाषेवर. बालभारती आठ भाषांत पुस्तके छापते, त्यांत मराठी आणि उर्दूही आहेत. पण ए.आर.ची बाजारातील बहुतेक चित्रे इंग्रजी नावांची. मराठी माध्यमाचे मूल रोहिणी आणि नीला शिकते, उर्दू माध्यमाचे शिर्यान आणि वरीद. पडद्यावर मात्र तिसरेच शब्द. हे काम आपल्याच मोहल्ल्यात होऊ शकते. लग्नपत्रिका आणि जरीकामाची डिझाइन संगणकावर काढणारी आपली कितीतरी मुले आहेत. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर फुकट आहे. चाळीस चष्म्यांऐवजी अशा दोन मुलांना आणि विज्ञानाच्या एका शिक्षकाला वर्षभराचा मेहनताना द्या, धडे तयार होतील. चित्रांची पाने आपलाच छापखाना छापून देईल. आणि एकदा हात बसला की हीच मुले फर्निचरवाल्याला गिऱ्हाइकाच्या खोलीत कपाट कसे दिसेल ते दाखवण्याचे कामही करून देतील. तो धंदा आज चालू आहे, फक्त आपल्या हातात नाही.

जलशांत इब्न अल-हैसमने प्रकाश आणि दृष्टीवर हजार वर्षांपूर्वी केलेल्या संशोधनाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. करावाच. पण ज्या शाळेत तो होतो तिच्या प्रयोगशाळेत एक भिंग सापडत नाही, ही खंतही तेथेच बोलून दाखवावी.

राहिला जकातीचा प्रश्न. हनफी फिकहप्रमाणे जकात हक्कदार व्यक्तीच्या मालकीत जावी लागते, म्हणून खोली, प्रोजेक्टर किंवा पगार यांवर ती थेट लावता येत नाही. या कामासाठी लिल्लाह किंवा नफली सदक्याची रक्कम द्यावी. जकात गरीब विद्यार्थ्याच्या हाती पुस्तके आणि फीसाठी द्यावी. शंका असल्यास आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, आणि पावती घेताना रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली ते कमिटीकडून लिहून घ्यावे.