दमडीची मशीद

बिदर, भालकी, उदगीरकडच्या आपल्या घरांची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबादच होती. आता तिकडे जाणे होते ते दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी; फार तर मुलांना चारमिनार दाखवून आपण परततो. पुढच्या खेपेला थोडी वाट वाकडी करून कारवानला जा.

आज ही शहरातली गजबजलेली वस्ती. कुतुबशाहीत मात्र हे गोवळकोंड्याच्या वाटेवरचे व्यापाऱ्यांचे गाव होते. तांडे इथे उतरत, हिऱ्यांचे सौदे होत. १५७८ चा पुराना पूल ओलांडून गोवळकोंड्याकडे निघालात की टोली मशीद लागते. मुसाखानाने ती १६७१ मध्ये बांधली. लोक सांगतात, मक्का मशिदीवर खर्च होणाऱ्या दर रुपयामागे त्याला एक दमडी मिळे. त्या साठवून ही उभी केली. म्हणून ती 'दमडी मशीद'.

मराठीत दमडी, कन्नडमध्ये दम्मडी, तेलुगूत दम्मिडी. नाणे गेले, गाव शहरात विरले, शब्द तेवढा तिन्ही भाषांत उरला. पण नातवंडांना तो ठाऊक आहे का? म्हणून जाताना आजी-आजोबांना बरोबर न्या. दोन्ही भाषांतली दमडी त्यांच्याच तोंडून मुलांच्या कानी पडू द्या.