सही करणारा हिशेबाबाहेर का?

१/ घर सदोष निघाले की आपण बिल्डरला बोल लावतो. ते रास्तच आहे. परंतु बांधकाम तपासून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे काय? हा प्रश्न जुना आहे, उत्तर मात्र अर्धवट.

२/ मुंबईतील वरळीचे कॅम्पा कोला कंपाउंड घ्या. १९८० च्या दशकात तेथे मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढले. १९८४ मध्ये महापालिकेने काम थांबवण्याची नोटीस दिली; बांधकाम सुरूच राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजल्यांना संरक्षण नाकारले. रहिवाशांपुढे वाट उरली ती विकासकावर भरपाईचा दावा लावण्याची.

३/ इंग्लंडमध्ये १९७७ च्या ‘ॲन्स’ खटल्यात पाया नीट न तपासणारी नगरपरिषद भरपाईस जबाबदार ठरू शकते, असे ठरले. १९९० च्या ‘मर्फी’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मत फिरवले: निव्वळ आर्थिक नुकसान नगरपरिषदेकडून वसूल होणार नाही. न्यूझीलंडने मात्र जुनीच जबाबदारी कायम ठेवली आणि १९९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तिला मान्यता दिली.

४/ आपल्याकडे १९९३ चा लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता हा निकाल महत्त्वाचा. सदनिकेचा ताबा रखडवल्याबद्दल द्यायची १०,००० रुपयांची भरपाई जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. करदात्याने तो भार का सोसावा, हा त्यामागचा विचार.

५/ तेथे प्राधिकरण स्वतःच घरे देणारे होते. खासगी इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देणाऱ्या अभियंत्यापर्यंत हे तत्त्व सहजी पोहोचत नाही. रेरा कायद्यानेही ताब्यानंतर पाच वर्षांतील रचनादोषांची जबाबदारी विकासकावरच ठेवली.

६/ आक्षेप असा की दंडाच्या धास्तीने कोणी सहीच करणार नाही. तो पोकळ नाही. एकेका अभियंत्याकडे कामांचा डोंगर असतो. म्हणून प्रामाणिक चुकीला अभय असावे. परंतु जागेवर न जाता दिलेला दाखला ही चूक नव्हे, तो खोटेपणा आहे. अशा वेळी भरपाई आधी संस्थेने द्यावी आणि मग दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करावी.

७/ आमच्या मोझरीकडचा माणूस शेताचा तुकडा विकून अमरावतीत सदनिका घेतो, तेव्हा पाया त्याने पाहिलेला नसतो. तो दाखल्यावरची सही पाहतो. ज्या सहीच्या भरवशावर आयुष्याची पुंजी जाते, त्या सहीला काही मोल असायलाच हवे.