दोन माईक, अर्धा आवाज

आवाज कमी पडला की आणखी एक माईक लावायचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. स्नेहसंमेलन असो की गाण्याचे ध्वनिमुद्रण, माईक वाढले म्हणजे आवाज वाढला असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत कलाकाराला मोजावी लागते.

यामागचे शास्त्र कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाला १००० कंपने असलेल्या स्वराची एक लहर ३४ सेंटिमीटर लांब. एकाच गायकासमोर दोन माईक असले आणि दुसरा १७ सेंटिमीटर मागे असला, तर तो स्वर त्याच्याकडे अर्धी लहर उशिरा पोचतो. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र आले की एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो. दोन्ही तुल्यबळ असतील तर तो स्वर जवळजवळ नाहीसाच होतो. ३००० आणि ५००० कंपनांचीही तीच गत. २००० मात्र उलट दुणावतो. गाणे पोकळ वाटते ते यामुळे. यालाच फेजचा दोष म्हणतात.

ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माईक लावले की निराळाच प्रकार घडतो. थाप पडलेले कातडे आपल्या माईकपासून दूर, आत जाते. आतल्या हवेच्या दाबाने दुसरे कातडे आपल्या माईककडे बाहेर येते. दोन्ही माईक परस्परविरुद्ध बोलतात आणि खालचा घुमारा हरवतो. मग वादकालाच ऐकवले जाते, "जरा जोर लाव!" आमच्या घरात ढोलकी पूर्वीपासून आहे, कॉलेज मात्र माझ्यापासून सुरू झाले, म्हणून हे बोल मला अधिक लागतात.

उपाय खर्चाचे नाहीत. एका माईकवर भागत असेल तर दुसरा लावू नये. दोन गायक असतील तर गायक आणि त्याचा माईक यांत जितके अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवावे. अनेक मिक्सरवर फेज उलटवणारे बटण असते. ढोलकीच्या एका माईकसाठी ते दाबून पाहावे व घुमारा ज्या स्थितीत भरेल ती ठेवावी. स्टीरिओ ध्वनिमुद्रण एकदा मोनो करून, एकाच स्पीकरवर जरूर ऐकावे. त्यात काही हरवले तर दोष तेथेच उघडा पडतो.

प्रकाशयोजनेसाठी आपण रंगीत तालमीत वेळ राखून ठेवतो. ध्वनीसाठीही अर्धा तास राखावा, ही प्राध्यापकांना व मित्रांना विनंती. वादकाच्या हाताला बोल लावण्यापूर्वी माईक तपासावा, एवढेच मागणे आहे.